चालू वर्गाचं उद्घाटन

आधी चहाचा घोट घ्या, मग कप खाली ठेवा. मी आता माझी जी फजिती सांगणार आहे, ती मागच्या खेपेला ऐकताना आमच्या व्याह्यांच्या नाकातून चहा आला होता आणि त्यांच्या पांढऱ्या सदऱ्याचं खापर माझ्यावर फुटलं होतं. तेव्हा सांभाळून.

मी कोण, ते आधी सांगतो. मला गावात नाना म्हणतात. सोनईच्या जवळच आमचं गाव. साखर कारखान्याच्या टाइम ऑफिसात नोकरी केली आणि रिटायर झालो. पण गाव मला ओळखतं ते कार्यक्रमांमुळे. कुणाचा सत्कार असो, दुकानाचं उद्घाटन असो, नाहीतर नवीन ट्रॅक्टरची पूजा असो, मांडव कुठे घालायचा, हार कुणी आणायचे, शाल आधी की नारळ आधी, हे सगळं नाना ठरवणार. आणि माईकवर कोण? तेही नानाच.

म्हणूनच शेजारच्या रावसाहेबांच्या अश्विनीने पोरांना कॉम्प्युटर शिकवायची संस्था काढली, तेव्हा अध्यक्ष म्हणून मला घेतलं. मला त्या विषयातलं ओ की ठो कळत नाही. अश्विनी मात्र नगरला कॉम्प्युटर शिकून आलेली, दिवसा नोकरी करणारी. एका कॉलेजने काढून टाकलेली जुनी मशीनं मागून आणली, बाजारपेठेमागे एक खोली भाड्याने घेतली आणि संध्याकाळचा वर्ग सुरू केला. गावातली पोरं-पोरी तिथे कोडिंग शिकतात. कोडिंग म्हणजे काय, तर मशीनला त्याच्या भाषेत काम सांगायचं, असं तिने मला समजावलं. मी म्हटलं, म्हणजे मुकादम करायचा तेच की. ती म्हणाली, "तसंच हाय नाना, फक्त मशीन उलटून बोलत न्हाई."

वर्ग छान चालला होता. एक पोरगा तर तिथे शिकून नागापूरच्या एमआयडीसीत चांगल्या कामाला लागला. पण खोलीचं भाडं आणि लाईट बिल अश्विनी स्वतःच्या पगारातून भरत होती, आणि ते किती दिवस चालणार? त्यात खोलीच्या मालकाला खताचं गोडाऊन करायचं सुचलं. त्याने स्पष्टच सांगितलं, भाडं वेळेवर नसेल तर पाडव्याला खोली खाली करा. खोली गेली की वर्ग गेला. दुसरी जागा गावात नव्हती आणि पोरांना रोज नगरला पाठवणं कुणाच्या घरी परवडणारं नव्हतं. खरं सांगतो, ते ऐकून मला रात्री जेवण गेलं नाही. मशीन कळत नसलं तरी संध्याकाळी तिथे खिडकीशी उभं राहिलं की त्या पोरांचे चेहरे बघून बरं वाटायचं हो.

तेवढ्यात सरकारची योजना निघाली. मुलांना कॉम्प्युटर शिकवणाऱ्या संस्थांना अनुदान. अश्विनीने अर्ज भरला आणि मला त्यातली मुख्य अट बजावून सांगितली, की ज्यांचा वर्ग आधीपासून निदान वर्षभर चालू आहे, त्यांनाच पैसे मिळतात. नवीन काढणाऱ्यांना नाही. मी म्हटलं, बरं. तिने पुन्हा सांगितलं. मी म्हटलं, अगं, कळलं. इथेच घोळ झाला बघा. मला कळलं होतं, पण ते कानापर्यंतच.

मग नगरहून फोन आला. एक मॅडम तपासणीला येणार, वर्ग बघणार आणि शिफारस करायची की नाही ते ठरवणार.

अश्विनीचं म्हणणं असं, की काही करायचं नाही. रोज संध्याकाळी वर्ग असतो तसाच त्या दिवशी सकाळी भरवायचा, मॅडमना एका खुर्चीवर बसवायचं आणि पोरं काय करतात ते बघू द्यायचं. शिवाय पोरांनी शेतातल्या लाईटचं काहीतरी केलं होतं (मला शेती नाही, मी कधी लक्ष घातलं नव्हतं), तेही तिला दाखवायचं होतं.

आता तुम्हीच सांगा. जिल्ह्याच्या गावाहून अधिकारी येणार आणि त्यांना रोजचंच दाखवायचं? घरी सोयरीक बघायला पाहुणे आले तर आपण रोजची चादर ठेवतो का? मी तिला म्हटलं, "तू शिकवायचं बघ, पाहुण्यांचं माझ्यावर सोड. आणि मॅडमना काय विहिरीवरची मोटार दाखवायची?" ती काहीतरी बोलणार होती, पण मी तोवर मांडववाल्याला फोन लावला होता.

आणि मग मी जो कामाला लागलो म्हणता!

पहिलं काम म्हणजे खोली. भिंतीवर पोरांनी केलेले तक्ते होते, मळलेले, कोपरे दुमडलेले. ते काढले आणि भिंतींना रंग दिला. मशीनांच्या वायरी जमिनीवर लोळत होत्या, त्या सगळ्या काढल्या, गोणीत भरल्या आणि गोणी माळ्यावर टाकली. खोली कशी मोकळी दिसायला लागली! मशीनांना नवीन कव्हरं शिवून घेतली. झिजलेल्या बटणांवर प्लास्टिक चढवलं. प्रत्येक मशीनला हळदकुंकू आणि झेंडूचा हार. जुन्या खुर्च्या उचलून मागे लपवल्या आणि मांडववाल्याचा सोफा आत आणून ठेवला.

मशीनं खराब होऊ नयेत म्हणून पोरांना त्यांना हात लावायची बंदी केली. मग रिकाम्या पोरांचं काय करायचं? लेझीम! अख्ख्या वर्गाला लेझीमला लावलं. पोरंही खूश होती. अश्विनी तेवढी कोपऱ्यात हाताची घडी घालून उभी असायची. मला वाटायचं, पोरगी भारावून गेलीय.

राहता राहिली फीत. आमच्या गावात पाहुणा आला आणि त्याने काही कापलं नाही, असं आजवर झालेलं नाही. पशुवैद्यकीय डॉक्टर लसीकरणाला आले होते, तेव्हासुद्धा मी गोठ्याला फीत बांधली होती. म्हणून दाराला लाल फीत बांधली. फ्लेक्सवाल्याला म्हटलं, उद्घाटनाचा असतो तसा कर, घाई आहे. त्याच्याकडे तयार होताच. त्यावर वर 'भव्य शुभारंभ', खाली संस्थेचं नाव, आणि मधे माझा फोटो, हात जोडलेला.

मॅडम आल्या. वयाने आमच्या सुनेएवढ्या, बोलायला नम्र, पण डोळे तीक्ष्ण. गाडीतून उतरल्या आणि लेझीम सुरू झालं. पोरांनी असा दणका उडवला की ड्रायव्हरने गाडी मागे घेतली. मॅडमनी फ्लेक्स वाचला. फीत बघितली. मग मला विचारलं, "आज उद्घाटन आहे का?"

आणि मी काय बोलावं? छाती फुगवून म्हणालो, "होय मॅडम. तुमच्याच शुभहस्ते."

मागून अश्विनीने माझ्या सदऱ्याला हिसका दिला. मला वाटलं, माईक चालू करायची खूण करतेय. मी माईक चालू केला.

मॅडमनी फीत कापली. तोंडावर हसू नव्हतं. आत गेल्या तर ताज्या रंगाचा वास. त्यांनी एका मशीनचा हार जरा बाजूला केला, कव्हर वर केलं, मागे वाकून पाहिलं आणि विचारलं, की याच्या वायरी कुठे आहेत. मी म्हटलं, काळजी नको, माळ्यावर आहेत, सगळ्या सुरक्षित. त्यांनी प्लास्टिकवर बोट फिरवलं. मग वहीत काहीतरी लिहिलं आणि शांतपणे म्हणाल्या, "नाना, ही योजना नवीन केंद्रांसाठी नाही. वर्षभर चाललेल्या केंद्रांसाठी आहे."

तेव्हा कुठे अश्विनीने बजावलेली ती अट कानातून खाली उतरली.

मी म्हटलं, "मॅडम, वर्षभर चालूच आहे की!"

"मग आज आपण काय उद्घाटन केलं?"

मी सारवासारव करायला लागलो. म्हटलं, भिंतीवर पोरांचे तक्ते होते, ते मीच काढले. खुर्च्या जुन्या होत्या, त्या मीच लपवल्या. मशीनची बटणं झिजलेली आहेत, ती मीच झाकली. जितकं खरं सांगावं, तितकं ते थापा मारल्यासारखं वाटायला लागलं. मॅडम ऐकून घेत होत्या, जसं आपण उशीर झालेल्या माणसाचं गाडी पंक्चर झाल्याचं कारण ऐकून घेतो तसं.

मग मला सुचलं, की पोरांनाच विचारू दे. लेझीमवाल्यांतली एक पोरगी मी आत ओढून आणली. मॅडमनी प्रेमाने तिला विचारलं, की बाळा, इथे रोज काय शिकवतात. पोरगी खोटं कशाला बोलेल? घाम पुसत म्हणाली, "सध्या लेझीम."

अश्विनीने डोळे मिटून घेतले.

शेवटचा उपाय म्हणून मी नागापूरला कामाला लागलेल्या त्या पोराला फोन लावला. त्याचा फोन बंद. त्यांच्या कंपनीत ड्युटीवर जाताना फोन गेटवर जमा करावा लागतो, हे मला त्याच वेळी कळायचं होतं.

अश्विनी पुढे झाली. तिने आवाज चढवला नाही, की माझ्याकडे रागाने पाहिलं नाही. ती मॅडमना एवढंच म्हणाली, की वायरी लावायला थोडा वेळ द्या, मी चालू करून दाखवते. मॅडम म्हणाल्या, की चालू मशीन कुणीही दाखवेल, वर्ष कसं दाखवणार? आणि मला राहुरीला पोचायचंय. अश्विनीचा चेहरा जो उतरला, तो मला बघवला नाही. वर्षभर राबली ती, आणि एका सकाळीत धुळीला मिळवलं मी. लाज वाटली मला. अगदी मनापासून लाज वाटली.

पण मी तरी काय करणार? मला एकच गोष्ट येते. मॅडमना म्हटलं, निघायच्या आधी दोन मिनिटं मांडवात बसा, लोक थांबलेत, नुसता सत्कार घ्या. मनात म्हटलं, भाषणात सगळं नीट मांडतो, त्यांचं मन वळवतो. मॅडम भल्या, नाही म्हणाल्या नाहीत.

मांडव भरलेला होता. सकाळची वेळ, सगळे शेतकरी धुतलेले कपडे घालून आलेले. मॅडमना फेटा बांधायला बबन उभा राहिला. बबन आमच्याकडचा बागायतदार, पण फेटा बांधण्यात त्याचा हात कुणी धरत नाही. त्याने मॅडमच्या डोक्याला पहिला वेढा दिला आणि मी माईक हातात घेतला.

विषय वर्गाचा होता, पण नीट मांडायचं तर पहिल्यापासून सांगायला हवं. म्हणून मी गावात पहिली शाळा कशी आली तिथून सुरुवात केली. शाळेवरून कारखान्यावर आलो. कारखान्याच्या पहिल्या गळिताची आठवण सांगत होतो आणि एवढ्यात मांडवात कुणाचातरी मोबाईल वाजला. मग दुसरा. मग एकदम सगळेच, जिकडे तिकडे टिंग टिंग.

आणि माणसं उठली!

म्हणजे एकदोन नाही हो. अख्खा मांडव उठला. कुणी नमस्कार केला, कुणी तोही केला नाही. चपला शोधायची गडबड, मोटारसायकली चालू करायचा आवाज. मी माईकवरून म्हणतोय, मंडळी बसून घ्या, अजून आभार व्हायचेत. कोण ऐकतो? बबनने खिशातला मोबाईल काढला, पाहिला, फेट्याचं उरलेलं टोक मॅडमच्याच हातात दिलं आणि म्हणाला, "मॅडम, एवढं धरा. आलोच." आणि तोही पळाला.

मांडवात उरलो मी, अर्ध्या फेट्यातल्या मॅडम, अश्विनी, लेझीमची पोरं आणि रिकाम्या खुर्च्या. मला वाटलं, जमीन दुभंगून मला पोटात घेईल तर बरं. अधिकाऱ्यांच्या सत्कारातून अख्खं गाव उठून जातं! आता अनुदान कुठलं, आता आपल्यावर केस होते की काय!

मॅडम फेट्याचं टोक धरून उभ्या राहिल्या. "कुठे गेले सगळे?"

अश्विनी म्हणाली, "मॅडम, शेतीची लाईट आली."

"इथे तर लाईट आहेच की. माईक चालू आहे."

"ही गावची लाईट. शेतीची येगळी असते. येक आठवडा दिवसा, येक आठवडा रातच्याला, पर नेमकी कवा येईल ते कुणाला ठावं नसतंय. आदी मान्सं इहिरीवर जाऊन बसायची, लाईटीची वाट बगत."

"मग आज कसं कळलं?"

"आमच्या पोरांनी केलंय ते." अश्विनी आता शुद्ध बोलायला लागली, ती वर्गात शिकवताना बोलते तशी. "बबनकाकांच्या मोटारीच्या पेटीत एक जुना मोबाईल ठेवलाय, चार्जरला लावून. लाईट आली की तो चार्ज व्हायला लागतो. तो चार्ज व्हायला लागला की पोरांनी लिहिलेला प्रोग्राम सगळ्यांना मेसेज पाठवतो. एवढंच आहे. लाईट आली."

मॅडमनी माझ्याकडे बघितलं, मग तिच्याकडे. फेट्याचं टोक खांद्यावरून मागे टाकलं आणि म्हणाल्या, "चला. मला ते बघायचंय."

राहुरी राहिली बाजूला. बबनच्या विहिरीवर गेलो. मोटार चालू होती, पाणी पाटाला लागलं होतं आणि बबन पँट गुडघ्यापर्यंत दुमडून गव्हात उभा होता. पेटीत, कॅरीबॅगमध्ये गुंडाळलेला तो फुटक्या काचेचा मोबाईल. मॅडमनी तो हातात घेऊन उलटा-सुलटा पाहिला आणि बबनला विचारलं, हे कधी बसवलं.

बबन म्हणाला, "तारीख न्हाई ध्यानात. पर मागल्या साली गव्हाला पयलं पानी ह्याच्यावरच दिलं. आन् आता ह्यो दुसरा गहू."

"म्हणजे वर्ष झालं."

"व्हय की. वर्साच्या वरच झालं. त्याच्या आदी पोरं लई दिस तिथं शिकत हुती, तवा कुठं जमलं त्यांना." मग त्याला एकदम आठवलं. "फेटा ऱ्हायला का वो तुमचा? हात चिखलाचं हायती."

मॅडम हसल्या. सकाळपासून पहिल्यांदा.

परत आल्यावर त्यांनी सोफा बाहेर काढायला लावला. वायरींची गोणी खाली आली. पोरांनी लेझमी भिंतीला टेकवल्या, मशीनांचे हार काढले, जुन्या खुर्च्या ओढल्या आणि भराभर वायरी जोडून बसली. मॅडम एकेकाच्या मागे उभं राहून प्रश्न विचारत होत्या. "सध्या लेझीम" म्हणणारी तीच पोरगी त्यांना पडद्यावरच्या ओळी दाखवून समजावत होती, लाईट गेल्याचा मेसेजही आता कसा पाठवणार ते. मला त्यातला शब्द कळला नाही, पण मॅडम मान डोलावत होत्या आणि अश्विनीचा चेहरा पुन्हा उजळला होता. माझे डोळे भरून आले. रंगाच्या वासाने आले असं मी तेव्हा सांगितलं.

निघताना मॅडम मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "नाना, मी अनेक केंद्रं बघते. बहुतेक ठिकाणी नसलेलं काम दाखवतात. असलेलं काम एवढ्या मेहनतीने लपवलेलं पहिल्यांदा बघितलं."

मी म्हटलं, "मग शिफारशीत काय लिहिणार?"

"जे बघितलं ते. संस्थेच्या अध्यक्षांचं भाषण चालू असताना विद्यार्थ्यांच्या यंत्रणेचा मेसेज आला आणि सर्व ग्रामस्थ तत्काळ उठून कामाला गेले. उपयुक्ततेचा याहून मोठा पुरावा नाही."

आणि खरंच तसंच लिहिलं हो त्यांनी! सरकारदरबारी माझी एवढीच नोंद आहे.

पण अनुदान मंजूर झालं. पाडव्याला खोली खाली करायची होती, त्या पाडव्याला त्याच खोलीत नवीन बॅच सुरू झाली. मालकाने खताला दुसरी जागा बघितली, आणि त्याचीच नात आता पहिल्या रांगेत बसते. अश्विनीला आता स्वतःच्या पगारातून काही भरावं लागत नाही. उलट शेजारच्या गावची पोरंही सायकलवर यायला लागलीत. एवढं चांगलं झालं, की मी माझी सगळी फजिती विसरून गेलो.

परवा वर्गाची पालकसभा होती. अध्यक्ष म्हणून मला दोन शब्द बोलायचे होते. मी उभा राहिलो, घसा साफ केला, "मंडळी" म्हणालो, आणि टिंग टिंग सुरू झालं. सभा उठली, मोटारसायकली गेल्या. पण या वेळी मी अजिबात रागावलो नाही. उलट ऊर भरून आला. अश्विनीला म्हटलं, "बघ पोरी, काय यंत्रणा उभी केलीय आपण! लाईट आली की क्षणाचाही उशीर नाही."

अश्विनी खुर्च्या उचलत होती. तिने आधी पोरांकडे पाहिलं. पोरं खिडकीबाहेर पाहायला लागली. मग ती हळूच म्हणाली, "नाना, ह्या आठवड्यात शेतीची लाईट रातच्यालाच असती."